तिसरा धक्का

पैलवानाने टकटक्यांची कॉलर धरली, त्यांना एका हाताने उचललं आणि रबराच्या गठ्ठ्यांवर फेकून दिलं. त्याच्या दुसऱ्या हातात चहाचा पेला होता. तो काही त्याने सांडू दिला नाही, आणि तेवढ्यासाठी आजूबाजूची माणसं हसली.

"चष्मा काढून ठेवा," पैलवान म्हणाला, "आणि मग परत या. फुटला तर माझ्या नावाने बोंब माराल."

टकटक्यांनी चष्मा काढला नाही. ते उठले, डोकं खाली घातलं आणि सरळ त्याच्या पोटात घुसले. मारामारी हा त्यांचा प्रांत नव्हता. शाळेत ते मार खाणाऱ्यांत असत, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर माणूस नवं काही फारसं शिकत नाही. पैलवानाने पेला बाजूला ठेवला, उलट्या हाताची एक ठेवून दिली आणि टकटक्यांचा खालचा ओठ त्यांच्याच दातावर फाटला.

"पुन्हा तिच्या अंगाला हात लावलास ना," टकटके जमिनीवर बसूनच ओरडले, "तर जिता ठेवणार नाही तुला. ऐकलंस? जिता ठेवणार नाही."

रोलर अजून सुरू व्हायचे होते. त्यामुळे अख्ख्या खात्याने ते शब्द न शब्द ऐकले.

"बायको माझी, हात माझा," पैलवान म्हणाला. "तुमचं काय जातंय?"

शेवटी फोरमन मधे पडला. "घरची धुणी घरी धुवा," तो म्हणाला. "पैलवान, रोलरवर जा. साहेब, तुम्ही वर जा आणि आधी ते तोंड धुवा. मालक येतील एवढ्यात."

टकटके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकाबाहेर कुणाच्या तोंडी नव्हतं. कारखान्यातल्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायचे आणि ते बिघडले की दुरुस्त करायचे, हे त्यांचं काम. वरच्या काचेच्या खोलीत दिवसभर त्यांचा कीबोर्ड टकटकत असे, म्हणून कुणीतरी 'टकटके साहेब' म्हणालं, आणि नव्याने कामाला लागलेल्यांना ते आडनावच वाटू लागलं. टकटक्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. भिडस्त माणूस. कुणी त्यांच्या कीबोर्डला हात लावला तरच काय ते चिडायचे.

आज मात्र त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पहाटे दार वाजलं होतं आणि दारात धाकटी उभी होती, एका हाताने जबडा धरून. धाकटी म्हणजे त्यांची बहीण. घरात तिला याच नावाने हाक मारत आले आणि ती याच नावाला ओ देत मोठी झाली. तिचा पुढचा दात पडला होता आणि दुपट्टा हनुवटीखाली रक्ताने कडक झाला होता. पैलवान तिचा नवरा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मार तेवढाच जुना होता. टकटके दर वेळी तिला म्हणत, माझ्याकडे निघून ये. ती दर वेळी म्हणे, सुधारेल रे तो. आज तिने चप्पल काढता काढताच सांगितलं, "दादा, मी आता परत जायची नाही."

हे ऐकायला टकटके कधीचे कान देऊन बसले होते. कारण ते स्थळ त्यांनीच आणलं होतं. आपल्याच कारखान्यातला मुलगा, दारू नाही, सिगरेट नाही, अंगाने असा मजबूत, की बहिणीकडे कुणी वाकड्या नजरेने बघणार नाही, असं त्यांनी वडिलांना पटवलं होतं. त्यांचं बोलणं खोटं ठरलं नाही. बाहेरच्या कुणी तिच्याकडे वाकड्या नजरेने बघितलं नाही.

"संध्याकाळी मी आलो की तुझं सामान आणायला जाऊ," ते तिला म्हणाले. "आता इथंच राहायचं. ठरलं ना?"

"ठरलं," धाकटी म्हणाली. त्यांच्या बायकोने तिला कॉटवर निजवलं, गाल शेकायला घेतला, आणि टकटके चहा न घेताच कारखान्यात आले. शहाण्या माणसाने त्या दिवशी रजा काढली असती.

लोखंडी जिना चढून ते काचेच्या खोलीत गेले, नळाखाली ओठ धरला आणि कामाला बसले. काचेतून खालचं खातं दिसत असे. मधोमध दोन पोलादी रोलर, माणसाच्या कवेत मावणार नाहीत एवढे जाड, शेजारी शेजारी बसवलेले आणि एकमेकांकडे फिरणारे. वरून रबर टाकायचं, ते मधल्या फटीत ओढलं जायचं, कणकेसारखं मळून खाली यायचं, की पुन्हा वर टाकायचं. अलीकडे पैलवान उभा राही आणि पलीकडे त्याचा जोडीदार.

रबरात कधी कधी घट्ट गाठ राहते. ती फटीत अडकली की रोलर कण्हू लागतात. अशा वेळी काय करायचं हे टकटक्यांच्या प्रोग्रामला माहीत होतं. जोर वाढवून एक धक्का द्यायचा. गाठ गेली नाही तर आणखी जोराने दुसरा. तरीही नाही, तर मोटरची सगळी ताकद लावून तिसरा. आणि तिसऱ्यानेही भागलं नाही तर हार मानून रोलर उलटे फिरवायचे आणि गाठ परत बाहेर टाकायची. तिसऱ्या धक्क्यापुढे सहसा काही टिकत नसे. तो बसला की वरच्या खोलीची काच थरथरायची.

गेले काही दिवस प्रोग्राम हे धक्के मोजताना चुकत होता. अशी चूक पकडायची तर चालत्या प्रोग्रामच्या मानगुटीवर बसावं लागतं, आणि त्यासाठी डीबगर असतो. टकटक्यांचा डीबगर जुन्या वळणाचा होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, जे काही सांगायचं ते टाइप करून सांगायचं. त्याच्या पोटात प्रोग्राम सुरू करून दिला की तो नेहमीसारखा धावत राहतो. पण कंट्रोल आणि सी ही दोन बटणं एकत्र दाबली, की असेल तिथे थांबतो. मरत नाही, नुसता थांबतो. मग त्याच्या आत डोकवायचं, हवे तर त्याच्या डोक्यातले आकडे बदलायचे आणि 'चालू दे' अशी आज्ञा द्यायची. मधे आपल्याला कुणी थांबवलं होतं, याचा त्याला पत्ताही नसतो.

हे उद्योग रोलर रिकामे असताना करावेत असा नियम होता. पण रोलर रिकामे फिरलेले मालकांच्या जिवावर यायचे. त्यामुळे खाली रबर मळलं जातंय आणि वर डीबगर चढवलेला आहे, असंच चाललं होतं.

आणि रोलरच्या वर, माणसाच्या हाताला येईल अशी, एक लाल दोरी असायची. ती ओढली की सगळं जागच्या जागी बंद. पैलवान पडला ताडमाड. वाकून उभा राहिला की त्याचं डोकं दोरीला लागायचं, रोलर थांबायचे आणि जोडीदार त्याची टर उडवायचा. शेवटी वैतागून त्याने ती दोरी गुंडाळून वरच्या आकड्याला पक्की बांधून टाकली. फोरमनने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. टकटक्यांनीही तेच केलं. खात्यात दोरी कुणालाच नको होती.

सकाळचं पहिलं रबर तापून मऊ झालं. टकटके पडद्याकडे कमी आणि काचेतून खाली जास्त बघत होते. खाली पैलवान जोडीदाराला त्यांची नक्कल करून दाखवत होता. डोकं खाली घालून, चष्मा सावरत, पोटात धडक मारायला जाणारा टकटक्या. रबर ढकलायला लाकडी दांडा होता, पण नक्कल करायला एक हात मोकळा हवा म्हणून त्याने दांडा ठेवला आणि हातमोज्यानेच रबर दाबू लागला. जोडीदार पोट धरून हसत होता. वरच्या माणसाला हे दिसतंय की नाही, हे बघायला पैलवानाने मान वळवली. दोघांची नजरानजर झाली. पैलवानाने डोळा मारला, आणि त्याच वेळी त्याचा हातमोजा फटीत गेला.

आधी त्याला स्वतःलाच कळलं नाही. मग त्याने जी किंकाळी फोडली, ती बंद काचेतून वर आली. रोलर कण्हले. प्रोग्रामला वाटलं गाठ आली, आणि त्याने पहिला धक्का दिला. बोटं गेली. जोडीदाराने हात वर करून दोरी शोधली, नुसती हवा हाताला लागली, तरी तो वेड्यासारखा हवेतच मुठी मारत राहिला. दुसरा धक्का बसला. मनगट गेलं, आणि रोलरच्या तेलकट अंगावरून रक्ताचा पट्टा गोल फिरून पुन्हा वर आला.

टकटक्यांच्या बोटांनी कंट्रोल आणि सी कधी दाबलं, हे टकटक्यांना आठवत नाही. रोलर थांबले. प्रोग्राम क्षणाक्षणाला मोटरला आपण जागे असल्याचं कळवत असे, आणि ते कळवणं बंद पडलं की ब्रेक आपसूक बसत असे. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. प्रोग्राम थांबवला आहे. धक्के: दोन. थांबवलं की हा आकडा आपोआप दाखवायचा, असं त्यांनीच डीबगरला सांगून ठेवलं होतं.

इथवर त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. सगळं हातांनी परस्पर केलं होतं. ठरवायची वेळ आता आली.

काम सोपं होतं. दोनच्या जागी तीन लिहायचं आणि 'चालू दे' म्हणायचं. तीन धक्के झाले, गाठ गेली नाही, असं समजून प्रोग्राम रोलर उलटे फिरवील आणि हात बाहेर टाकील. दुसरा रस्ता नव्हता. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करावा, तर जागा झाल्या झाल्या तो रोलरची तपासणी म्हणून एक पुरा फेरा पुढे मारायचा. तशी सोय टकटक्यांनीच केलेली. आणि न बदलता नुसतं 'चालू दे' म्हणावं, तर तिसरा धक्का. मग हात खांद्यापर्यंत जाईल आणि खांद्यामागोमाग माणूस.

त्यातही एक गोम होती. या डीबगरमध्ये काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं, तर तो मागचीच आज्ञा पुन्हा चालवतो. आणि मागची आज्ञा होती 'चालू दे'. म्हणजे एक बोट, एक बटण. दुसरं काहीही निरुपद्रवी टाइप केलं असतं तरी तो सापळा निकामी झाला असता. टकटक्यांना हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

त्यांनी टाइप केलं नाही. ते एंटरकडे बघत बसले. खाली पैलवान आईला हाका मारत होता, आणि टकटक्यांच्या डोळ्यांसमोर धाकटीचं तोंड होतं. पडलेल्या दाताची जागा ती सारखी जिभेने चाचपत होती. बोट खाली आलं की संपलं. ती आजच सुटली आहे, ती कायमची सुटेल. कुणी तिला न्यायला येणार नाही, दारात उभं राहून शिव्या देणार नाही, चुकलं म्हणून पायाही पडणार नाही. टकटक्यांना त्या क्षणी तो माणूस मरायला हवा होता. आडपडदा न ठेवता सांगायचं तर त्यांना त्याची घाई झाली होती.

जिना धडधडला. फोरमन आणि जोडीदार दार लोटून आत आले. फोरमनच्या हातात रोलरचे नट आवळायचा लांब पाना होता. खाली काहीतरी उघडता येतं का ते बघून तो तसाच वर धावत आला होता.

"बंद करा हे," फोरमन ओरडला. "बंद करून परत चालू करा."

"नाही, बंद केलं तर रोलर आधी पुढे जातात..."

"मग उलटे फिरवा ना. बसलात काय असे?"

"फिरवतो," टकटके म्हणाले. पण त्यांचे हात हलले नाहीत, आणि ते दोघांनीही बघितलं.

"मुद्दाम करतोय हा," जोडीदार म्हणाला. त्याच्या शर्टावर पैलवानाचं रक्त होतं आणि आवाज रडवेला झाला होता. "सकाळी काय बोलला? जिता ठेवणार नाही म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला."

त्याने टकटक्यांचे केस धरले आणि त्यांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. चष्म्याची एक काच फुटून भुवईत शिरली. त्याने डोकं पुन्हा वर ओढलं आणि पुन्हा आपटलं. मग लाथ मारून खुर्ची उलथली आणि खाली पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत बूट घालू लागला. कीबोर्ड अर्धा टेबलाबाहेर आला. टकटके टेबलाचा पाय धरून उठायला बघत होते आणि त्यांच्या डोक्यात एक विचार अगदी स्वच्छ उभा होता. आपल्याला काही करावंच लागणार नाही. यांच्यापैकी कुणाचा तरी कोपर लागेल, कुणाची तरी मूठ पडेल. मारणारा त्याचाच जोडीदार असेल, आणि आपण जमिनीवर मार खात पडलेले असू.

"हे टेबलावरचं मशीनच फोडतो," फोरमन म्हणाला. "फुटलं की सुटेल तो." आणि त्याने दोन्ही हातांनी पाना उचलला.

टकटक्यांनी आपला उजवा हात कीबोर्डच्या वर, पान्याच्या आड घातला. असं का केलं, हे त्यांना नंतर पुष्कळांनी विचारलं, आणि त्यांना कधी धड सांगता आलं नाही. इतक्या वर्षांची खोड म्हणा. पाना हातावर पडला. हाडं मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. टकटक्यांनी हात तसाच वर उचलून धरला. मोडकं बोट बटणावर टेकू नये म्हणून.

"मागे व्हा," ते म्हणाले. "हे बटण दाबलं गेलं ना, तर तो मरतो. दोघंही मागे व्हा."

त्या आवाजात असं काही होतं, की दोघंही भिंतीला जाऊन टेकले. फोरमनच्या हातातला पाना गळून पडला.

आता खोलीत त्यांना हात लावणारं कुणी नव्हतं. पडदा तसाच होता. धक्के: दोन. टकटक्यांनी चष्म्याच्या उरलेल्या एका काचेतून खाली बघितलं. पैलवान गुडघ्यांवर आला होता, हात वर अडकलेला, चेहरा पांढरा पडलेला. त्याचं ओरडणं थांबलं होतं. तो वर बघत होता, काचेच्या खोलीकडे, टकटक्यांकडे. जोरात हलावं की नाही, काही बोलावं की नाही, कशाने हा माणूस आणखी चिडेल, ते न कळून नुसता बघत होता. धाकटी रोज रात्री पैलवानाकडे अशीच बघत असणार. टकटक्यांना शिसारी आली. पैलवानाची नव्हे. आपण वर आहोत आणि तो खाली आहे, याचीच.

त्यांनी डाव्या हाताने टाइप करायला घेतलं. सवय नव्हती. एक अक्षर चुकलं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं. कपाळावरून रक्त उतरून डोळ्यात येत होतं, ते खांद्याला पुसलं. धक्के बरोबर तीन. आकडा खरंच बदलला का, ते डीबगरला विचारून घेतलं. तीन, असं उत्तर आलं. मग त्यांनी 'चालू दे' लिहिलं आणि एंटर दाबलं.

रोलर कण्हले. भिंतीजवळ जोडीदाराने डोळे गच्च मिटून घेतले. आणि रोलर उलटे फिरले, सावकाश, गाठ बाहेर टाकताना फिरत तसे. हात बाहेर आला. त्याला हात म्हणायचं, कारण तो दंडाला जोडलेला होता. पैलवान एका अंगावर कोसळला आणि खालची माणसं त्याच्याकडे धावली.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर टकटके प्लास्टर सांभाळत बसले होते. दोन बोटं यापुढे वाकणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पैलवानाचा हात कोपराखाली काढून टाकला होता. तो समोरच्याच खोलीत होता, शुद्धीवर आला होता, आणि जिवाची भीती टळली होती.

फोरमन येऊन गेला. सफरचंदांची पिशवी मांडीवर घेऊन तो शेजारी बसला. "साहेब, आम्हाला काय कल्पना," तो म्हणाला. "दुसरा कुणी असता तर... तुम्ही देवमाणूस आहात." टकटक्यांना त्याच्या तोंडावर ती पिशवी मारावीशी वाटली. तेवढा वेळ मी काय करत बसलो होतो ते विचार, असं म्हणावंसं वाटलं. ते "बरं" म्हणाले.

मग धाकटी आली. गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता. ती शेजारी बसली आणि प्लास्टरवरून तिने बोट फिरवलं.

"दुखतंय?"

"नाही फारसं."

"खोटं बोलू नकोस. लहानपणापासून जमत नाही तुला ते." तिचे शब्द पडलेल्या दातातून निसटत होते. "फोरमन भेटले खाली. म्हणाले, एक बटण दाबलं गेलं असतं तर सगळं संपलं असतं."

"हो."

"त्यांच्याच हातून दाबलं गेलं असतं म्हणे. तुला कुणी काही म्हटलं नसतं."

"नसतं म्हटलं."

"आणि तू मधे हात घातलास."

"माझ्या कीबोर्डला कुणी हात लावलेला मला खपत नाही," टकटके म्हणाले. तिने हसावं म्हणून म्हणाले, पण ती हसली नाही.

"बरं केलंस," ती म्हणाली. समोरच्या दाराकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "बरं केलंस असंच म्हणायचं असतं ना मी?"

"चल घरी," ते घाईने म्हणाले. "वहिनी वाट बघत असेल. सकाळी ठरलंय ना आपलं?"

"ते सकाळी, दादा."

"म्हणजे?"

"सकाळी तो दोन हातांचा होता. दोन हातांच्या माणसाला टाकून आले मी, आणि वाटेत एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही. आता एका हाताच्या माणसाला कशी टाकू?"

"त्याने तुझा दात पाडलाय, धाकटे."

"पाडलाय."

"उद्या बरा झाला की उरलेल्या हाताने मारेल."

"मारेल की," ती म्हणाली. "मला का माहीत नाही?"

"लोक काय म्हणतील म्हणून घाबरतेस? लोक गेले खड्ड्यात."

"लोकांचं नाही रे. माझं मलाच जमायचं नाही." ती अगदी शांतपणे बोलत होती, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तशी. "गेला असता तर रडले असते. चार माणसांत मोठ्याने रडले असते, आणि मग तुझ्याकडे येऊन गाढ झोपले असते. आज सकाळी झोपले ना वहिनीच्या कॉटवर, तशी."

तिला आणायचं म्हणून टकटके इतकी वर्षं झुरले होते आणि सकाळी ती आपल्या पायांनी चालत त्यांच्या दारात आली होती. डाव्या हाताने त्यांनी तिचा खांदा धरला. तिने तो हात थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा, आणि बाजूला केला.

"कुठं उलथली ही?" आतून आवाज आला. खोल गेलेला, पण पैलवानाचाच.

"आले," धाकटी म्हणाली. वाक्य पुरं व्हायच्या आत ती उभी राहिली होती.

टकटके दारापर्यंत गेले. पुढे जाववलं नाही. धाकटीने त्याच्या मानेखाली हात घालून डोकं वर केलं आणि पाण्याचा पेला ओठाला लावला. थोडं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तो काहीतरी पुटपुटला, बहुधा शिवी असेल. मग त्याचा डावा हात चादरीवरून चाचपडत आला आणि त्याने तिचं पेला धरलेलं मनगट पकडलं, बोटं रुतेपर्यंत पकडलं. धाकटीने ते सोडवून घेतलं नाही. तिने त्याची मान हळूच उशीवर टेकवली, पेला मोकळ्या हातात घेतला आणि उरलेलं पाणी त्याला पाजलं.